एक जूनची मुलं

हेब्बाळच्या ज्या लहानशा शाळेत विमलाबाई मुख्याध्यापिका होत्या, तिथे निम्म्या मुलांचा वाढदिवस एकाच दिवशी यायचा. एक जून. इमारतींच्या कामावर आलेल्या आया पोराला हाताला धरून आणत. जन्माचा दाखला नसे. विचारलं तर मोठा पूर आला त्या साली, जत्रेच्या आधी, एवढंच कळे. मग विमलाबाई पोराचे दात बघत, डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला सांगत, आणि प्रवेश बसेल असं साल धरून पुढे एक जून लिहून टाकत. त्यांच्या आधीच्या मुख्याध्यापकांनीही तेच केलं होतं.

"अक्का, एका दिवसात इतकी बाळंतपणं सरकारी दवाखान्यातही होत नसतील," असं त्यांचा धाकटा भाऊ सुमंत चिडवायचा. विमलाबाई हसून सोडून देत. पोर वर्गात बसलं म्हणजे झालं, तारखेचं काय एवढं.

दानेश्वरीही तशीच आली, त्यांच्या नोकरीची दोन वर्षं उरली असताना. विजापूरकडची मंडळी, बाप महांतेश गवंडी, आई विटा वाहायची. हिचा दिवस मात्र आईला पक्का ठाऊक होता. संक्रांतीचा तीळगूळ वाटताना कळा सुरू झाल्या होत्या. पहिलीला जूनमध्ये साडेपाच वर्षं पुरी लागत; विमलाबाईंनी बोटांवर मोजलं, तर एकच महिना कमी पडत होता. वर्षभर थांबवलं असतं तर ती तान्ह्या भावाला कडेवर घेऊन विटांच्या ढिगापाशी बसली असती, आणि तशी बसलेली पोर पुन्हा शाळेत येत नाही, हे त्यांनी पुष्कळदा पाहिलं होतं. तारीख महिनाभर मागे नेली असती तरी पुरलं असतं. पण हाताला सवय. आदल्या सालचा एक जून पडला.

निवृत्तीनंतर शहरातल्या एका मोठ्या फुटबॉल क्लबच्या संस्थेनं त्यांना बोलावलं. तळ्याजवळच्या मैदानावर संस्था वस्तीतल्या मुलांना खेळ शिकवी. अट एकच, आधी तासभर अभ्यास, मग चेंडू. तो तास विमलाबाईंचा. बसवनगुडीच्या घरून दोन बस बदलून त्या आठवड्यातून चार दिवस जात. अपूर्णांक शिकवायचे तर मैदानावरच्या पांढऱ्या रेघांवर मुलांना उभं करीत. एक जूनला पेढ्यांचा डबा नेत. ज्याचा वाढदिवस त्यानं पुढे यायचं, आणि जवळजवळ सगळा घोळका पुढे यायचा. त्यात दानेश्वरी, सगळ्यांची दानी, पहिली.

दानी खेळायचीही तशीच, पुढे घुसून. प्रशिक्षक म्हणत, बाकीच्या मुली चेंडूमागे पळतात, ही चेंडू येणार तिथे आधी जाऊन उभी राहते. दर वर्षी क्लब चार मुलींना आपल्या वसतिगृहात ठेवून घ्यायचा. शाळा, जेवण, सराव, थेट बारावीपर्यंत. दानीला त्याची फार गरज होती. इमारत पुरी झाली की बाप दुसऱ्या कामावर जाणार, आणि आतापर्यंत अशी दोनदा तिची शाळा तुटली होती.

यादी लागली, त्यात दानीचं नाव नव्हतं.

काही चूक झाली असेल म्हणून विमलाबाई संस्थेच्या कचेरीत गेल्या. तिथे प्रवेशाचं काम बघणारी शाल्मली पुण्याची, वागायला गोड. तिनं फाइल काढून पुढे ठेवली. एक जुलैला बारा पूर्ण झालेली नसावीत, असा नियम होता. दानीची कागदावर एक महिना आधीच झाली होती. शाळेच्या दाखल्याखाली सही होती, आणि ती विमलाबाईंनी लगेच ओळखली.

त्यांनी काही लपवलं नाही. पूर, जत्रा, कान धरणं, सगळं सांगितलं, आणि ही मुलगी खरी साडेअकराचीच आहे असं तिथेच लिहून दिलं. शाल्मलीनं कागद नीट वाचला. वय ठरवायला हाडांची तपासणी करून घ्या, असं विमलाबाईंनी सुचवलं, तर ती म्हणाली, कागदावरचं वय नियमात बसलं तरच पुढे तपासणी. जन्माचा सरकारी दाखला आणा, मग बघू. दानी झोपडीत जन्मली होती. दाखला कोर्टातून काढायचा तर वर्ष जाणार, तोवर खरं वयही नियमाबाहेर.

"मॅडम, माझा तुमच्यावर विश्वास आहे," शाल्मली शेवटी म्हणाली. "पण मूल लहान आहे हे सांगायला इथे रोज कोणीतरी येतं. आणि तुमचंच पत्र खरं धरायचं, तर तुमच्या सहीचे बाकीचे दाखले मी कसे खरे धरू?"

या यादीत निवडलेल्या चौघींपैकी दोघी एक जूनच्याच होत्या, त्याच सहीच्या. विमलाबाईंनी पत्र परत मागून घेतलं आणि पिशवीत ठेवलं.

मैदानावर दानी बुटाची नाडी बांधत बसली होती. शेजारी बसून विमलाबाईंनी तिला सगळं सांगितलं. लहान मुलांनाही कारण नीट सांगावं, असं त्यांचं आयुष्यभराचं मत. ते त्या दिवशी त्यांना जड गेलं.

"मग मी खरी किती वर्षांची, मिस?"

"साडेअकरा."

"आणि बारा कोणी लिहिलं?"

"मी."

दानीनं दुसऱ्या बुटाची नाडी बांधली. सरी मिस, बरं मिस, म्हणाली आणि मैदानात गेली. त्या दिवशी ती चेंडूमागेच पळत राहिली.

वर्ष गेलं. इमारत पुरी झाली. महांतेशला महादेवपुऱ्याकडे काम मिळालं, आठवड्यानं बिऱ्हाड हलणार होतं. तिकडच्या शाळेसाठी विमलाबाईंनी चिठ्ठी दिली होती. ती घेताना दानीच्या आईनं एवढंच विचारलं, की ही शाळेत गेली तर धाकट्यांना सांभाळायला तिकडे कोण आहे.

एक जूनला त्या नेहमीसारखा पेढ्यांचा डबा घेऊन गेल्या. घोळका पुढे आला. दानी मागे भिंतीपाशी उभी होती. पोरं आपापला पेढा घेऊन पांगली, तेव्हा विमलाबाई डबा घेऊन तिच्याकडे गेल्या.

"नको मिस," दानी म्हणाली. आवाजात राग नव्हता. "माझा संक्रांतीला असतो."

विमलाबाईंनी झाकण लावलं. यंदाच्या संक्रांतीला त्यांनी सबंध गल्लीत तीळगूळ वाटला होता. दानीची त्यांना आठवण झाली नव्हती.