निरोप दिलेला जनरेटर

मी जनरेटर बोलतोय. दचकू नका. या विद्यापीठात आता जनरेटर नाही असं तुम्हाला सांगितलंय, ते मला माहीत आहे. प्रवेशद्वारावरच्या पाटीवर तसं लिहिलंय, माहितीपत्रकात तसं छापलंय, आणि पाहुण्यांना फिरवून आणतात तेव्हा तोंडानंही तसंच सांगतात. ते सगळं मला पत्र्याच्या आडून स्वच्छ ऐकू येतं. ऐकून अंगाची लाहीलाही होते, पण करणार काय?

आधी माझी ओळख. मी डिझेल पितो, धूर सोडतो आणि वीज देतो. आवाज मोठा, स्वभाव तापट, थंडीच्या दिवसांत लवकर उठायचा कंटाळा. मी काही साधू नाही. पण आजवर जो धूर सोडला तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सोडला, लपूनछपून नाही.

एका मोठ्या कारखान्यात माझे भाग जोडले गेले. पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा मी असा काही गरजलो की शेजारचा फिटर कानांवर हात ठेवून हसत म्हणाला, "आवाज आहे बुवा पठ्ठ्याला!" त्या शब्दानं मी जो फुगलो तो बरीच वर्षं उतरलोच नाही.

मग क्रेननं उचलून मला इथल्या ग्रंथालयामागे सिमेंटच्या ओट्यावर बसवलं. तेव्हा माझा काय थाट होता! वीज गेली की सगळं विद्यापीठ माझ्या तोंडाकडे बघायचं. मला चालवणाऱ्या ऑपरेटरला सगळे मामा म्हणतात. मामा धावत यायचा, माझ्या पाठीवर थाप मारायचा, "चल गड्या, पोरांचा पेपर चाललाय." मी सुरू झालो की वर्गावर्गांतून आनंदाची आरोळी उठायची.

एकाच ठिकाणाहून आरोळीऐवजी शिव्या यायच्या. माझ्या शेजारी पाळणाघर होतं. इथल्या शिक्षकांची, कारकुनांची, झाडणाऱ्या बायकांची पोरं दिवसभर तिथे असायची. त्यांना सांभाळायला मावशी. मी सुरू झालो की मावशी एक पोर कडेवर, एक पदराला लोंबकळतंय अशी खिडक्या लावत धावायची आणि ओरडायची, "मेल्या, तुला माझीच पोरं सापडली का रे छळायला?" खिडक्या लावल्या की आत उकडायचं. पोरं भोकाड पसरायची. उघडल्या की खोकायची. बिचारीच्या नाकी नऊ यायचे.

मला वाईट वाटायचं हो. लोखंडाला काय वाटतं असं म्हणू नका. रोज उठून कुणाच्या तरी लेकरांचे तळतळाट घ्यायला कुणाला आवडेल?

अशात मॅडम आल्या. ऊर्जा हा विषय शिकवायच्या. त्यांची तान्ही मुलगी याच पाळणाघरात होती. एकदा त्या मुलीला न्यायला आल्या तर पोर खोकून खोकून लालबुंद झालेली. मॅडम तरातरा माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण त्या म्हणाल्या, "तुझ्यावर राग नाही रे खटाऱ्या. तुला इथे बसवून निवांत झालेत ना, त्यांच्यावर आहे."

मग त्यांनी एक पांढरं फडकं घेतलं, पाळणाघराच्या खिडकीची चौकट पुसली आणि ते काळंकुट्ट फडकं तसंच्या तसं कुलगुरूंच्या बैठकीत नेऊन टेबलावर पसरलं. चहाच्या कपांशेजारी! मामानं हे मला दहा वेळा तरी रंगवून सांगितलं असेल. मॅडम तिथे म्हणाल्या म्हणे, "आपण वर्गात हवामानबदल शिकवतो आणि भिंतीपलीकडे पोरांना धूर पाजतो. गच्चीवर सोलर बसवू, तळघरात बॅटऱ्या ठेवू, वर्गांत वारा खेळेल अशा खिडक्या करू, देखभाल विद्यार्थ्यांनाच शिकवू. विद्यापीठानं हे करून दाखवायचं नाही तर कुणी?"

मावशीचा हात हातात घेऊन त्यांनी शब्द दिला होता. "मावशी, हा खटारा इथून हलवल्याशिवाय मी गप्प बसणार नाही." मी ऐकत होतो. आणि खरं सांगतो, माझ्याइतकं आनंदी त्या दिवशी कुणीच नव्हतं. मला विश्रांती हवी होती. भंगारात जाईन, वितळेन, त्याचं पुढे काय व्हायचं ते होवो. पोरांच्या उशाशी धूर सोडणं तर सुटेल!

मॅडम भांडल्या, मोर्चे काढले, वरिष्ठांच्या डोळ्यांत खुपल्या. शेवटी त्यांनाच हरित विभागाचं प्रमुख केलं. मामानं येऊन बातमी दिली, "गड्या, सुटलास बघ तू." गच्चीवर निळी सोलर पॅनेल चढली. काय दिसायची उन्हात! मला त्यांचा जराही मत्सर वाटला नाही.

पण त्या पॅनेलांची एक गोष्ट आहे. बाहेरची वीज गेली की ती आपसूक बंद होतात. तारांवर काम करणाऱ्या माणसाला धक्का बसू नये म्हणून ती सोय असते. वीज गेल्यावरही दिवे हवे असतील तर सोबत बॅटऱ्या लागतात. आणि बॅटऱ्या आल्याच नाहीत. तळघरातल्या बॅटऱ्या बघायला कोण जातंय, असं कुणीतरी वर म्हणालं. मोठी परिषद यायची होती, तिच्यासाठी बॅटऱ्यांच्या पैशांतून काचेचं भव्य प्रवेशद्वार झालं पाहिजे होतं. मॅडम दोन दिवस धुमसत होत्या. मग मामाला म्हणाल्या, "या वर्षी दार होऊ दे. बॅटऱ्या पुढच्या वर्षी." तोवर त्यांची मुलगी मोठी होऊन शाळेत जायला लागली होती.

तरी माझा निरोप समारंभ झाला. झाला, म्हणजे अगदी दणक्यात झाला! मला धुऊन पुसून चकचकीत केलं, हिरवी फीत बांधली. भाषणं झाली, फोटो निघाले. मॅडम म्हणाल्या, "आज आपण धुराला निरोप देतोय." मावशी पोरांना घेऊन पहिल्या रांगेत बसली होती. टाळ्या वाजवताना तिचे डोळे भरून आले होते. मामा तर हुंदके देत होता. मला ट्रकवर चढवलं आणि ट्रक पुढच्या फाटकातून ऐटीत बाहेर पडला.

मामा ड्रायव्हरशेजारी बसला होता. थोडं पुढे गेल्यावर म्हणाला, "अहो, भंगारवाला उजवीकडे राहतो. डावीकडे कुठे वळताय?"

ड्रायव्हर म्हणाला, "मला मागच्या फाटकातून आत न्यायला सांगितलंय."

माझ्या तोंडाला कुणी अशी पानं पुसली नव्हती! सभागृह आणि पाळणाघर यांच्या मधल्या बोळात एक पत्र्याची शेड तयार होती. हिरवा रंग दिलेली, दारावर 'बागकामाचे साहित्य' अशी पाटी. त्यात मला ढकललं. पूर्वी माझं धुराडं छपराच्या वर उंच होतं, निदान निम्मा धूर तरी आभाळात जायचा. ते कापलं आणि खाली वाकवून मागच्या बाजूला काढलं. मागच्या बाजूला काय, तर पाळणाघराचं अंगण. कापताना एक बाई बाजूला उभ्या राहून सांगत होत्या, "अजून खाली घ्या. रस्त्यावरून दिसता कामा नये."

त्या मॅडम होत्या. आमच्या मॅडम! दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी चार शिव्या हासडून मोकळा झालो असतो. पण ज्यांच्या शब्दावर मी आपलं मरण आनंदानं कबूल केलं होतं, त्यांनीच केसानं गळा कापला.

परिषदेच्या दिवशी भर दुपारी वीज गेली. मामाचा फोन वाजला. त्यानं मान खाली घालून बटण दाबलं. बटण दाबल्यावर नाही म्हणायची सोय आमच्यात नसते. सभागृहात दिवे क्षणभर मिचमिचले आणि लागले. आतून मॅडमचा आवाज आला, "बघा, हा उजेड आपल्या गच्चीवरचा आहे." टाळ्यांचा कडकडाट झाला.

इतक्यात शेडचं दार धाडकन उघडलं. मावशी होती. कडेवर एक चिमुरडा, खोकून खोकून डोळे पांढरे केलेला.

"बंद करा हो मामा! पोराला श्वास घेता येईना."

"मावशी, आत पाहुणे बसलेत. माझी नोकरी जाईल."

"मग बोलवा तुमच्या मॅडमना. नाहीतर मीच जाते आत, याला घेऊन."

मामानं फोन केला. मॅडम सभागृहाच्या बाजूच्या दारानं घाईघाईनं आल्या, छातीवर परिषदेचा बिल्ला. पोराकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला, ते मी पाहिलं. पण आवाज खाली आणून म्हणाल्या, "मावशी, आज नको. एवढे पाहुणे जाऊ देत, मग मी स्वतः यात लक्ष घालते."

मावशी म्हणाली, "तुमची पोर इथं होती तेव्हा तुम्ही 'आजच' म्हणायचात, मॅडम."

आतून कुणीतरी मॅडमना हाक मारली. त्या वळल्या आणि जाता जाता मामाला म्हणाल्या, "दार लावून घ्या, आवाज आत येतोय." मावशी पोराला घेऊन पार मैदानाच्या टोकाला पळाली. तिथे मोकळ्या हवेत त्याला कसाबसा श्वास घेता आला. मी मात्र परिषद संपेपर्यंत चालूच होतो.

दुसऱ्या दिवशी त्या पोराच्या बापानं तक्रार केली. मग आणखी आईबापांनी केल्या. बैठक बसली. मला वाटलं, चला, उशीर झाला पण शहाणपण आलं. निर्णय झाला, तो मामानंच येऊन सांगितला. सांगताना त्याला माझ्याकडे बघवेना. पाळणाघर बंद. कारण काय, तर म्हणे जागा लहान मुलांच्या आरोग्याला योग्य नाही! धूर तिथेच ठेवला आणि पोरं हलवली. विद्यापीठाला हरित परिसर म्हणून गौरव मिळाला तो त्याच महिन्यात.

मॅडम, तुमच्याशीच बोलतोय. गच्चीवरचं सोलर खोटं नाही, ते उन्हात इमानेइतबारे राबतंय. तुमचं म्हणणंही खोटं नव्हतं, म्हणून तर जास्त लागतं. तुम्ही मला तोंडावर खटारा म्हणत होतात, ते बरं होतं हो. तळघर अजून रिकामं आहे. बॅटऱ्या आणा आणि मला खरंच जाऊ द्या. तोवर निदान माझं असणं तरी नाकारू नका. मी इथे आहे हे लोकांना कळलं तरच कुणीतरी मला घालवायला भांडेल, एकेकाळी तुम्ही भांडलात तसं.

मावशीची नोकरी पाळणाघराबरोबरच गेली. शेवटच्या दिवशी ती पिशवीत आपलं सामान भरून शेडपाशी आली. दार उघडं होतं. मला वाटलं, आता शिव्या देणार. तिनं दिल्या नाहीत. पिशवी खांद्याला लावली. मग म्हणाली, "जायचं होतं तुला, आणि निघाले मी. येते रे."

मला तिला खूप काही सांगायचं होतं. पण मी तोंड उघडलं की धूरच बाहेर येतो. म्हणून गप्प बसलो.