डोरान कसा पडला

मीरासाब नदाफांच्या गादीच्या दुकानात कापूस असा उडतो, की गिऱ्हाईक आत येतं तेव्हा तरणं असतं आणि बाहेर पडतं तेव्हा म्हातारं. भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या, खांद्यावर हिवाळा. त्या कापसातच मीरासाबांची दोन्ही लेकरं वाढली. थोरली मुबशिरा खोळी शिवते, दाभणानं टाके घालते. धाकटा अबुजर तयार गादीवरून तळवा फिरवून सांगतो, गठळी कुठं राहिली. त्याला जन्मापासून दिसत नाही.

आणि ह्याच अबुजरला राजारामपुरीतल्या गेम झोनमध्ये कुणी हरवत नाही, हे सांगितलं की लोक आधी हसतात.

खेळाचं नाव सेव्हन बेल्स. परदेशी गेम, मारामारीचा. भागावर भाग आले आणि प्रत्येक भागात तेच लढवय्ये नव्या ताकदीनं उभे राहिले. पडद्यावर दोघं समोरासमोर येतात, घंटा होते आणि जुंपते. अबुजर कानांना हेडफोन लावून बसतो. गडी डावीकडं असला की आवाज डाव्या कानात, उजवीकडं सरकला की उजव्या. कुणाचा शेला फडफडतो, कुणाचा श्वास शीळ घालतो, झेप घ्यायच्या आधी कोण दातावर दात आवळतं, सगळं त्याला पाठ.

एकदा इचलकरंजीचा एक गडी हरला आणि तापला. "ह्याला दिसतंय की रं! नाटक करतंय बेनं!"

अबुजर म्हणाला, "पावणं, असं करू. टीव्हीचा पडदा बंद करा, नुसता आवाज ठेवा. मग आपण दोघं सारखं."

पडदा बंद झाला. आपला गडी कुणीकडं तोंड करून उभा आहे हे पावण्याला कळायच्या आत त्याचा निकाल लागला होता. आता तो पावणा दर महिन्याला येतो आणि डोळे मिटून खेळायला शिकतो.

अबुजर खेळायचा तो डोरानकडून. डोरान म्हणजे त्या गेममधला सगळ्यांत नावडता लढवय्या. वय झालेला, जड, एक पाय लोखंडाचा. पोरं त्याला हातसुद्धा लावायची नाहीत. पण तो पाऊल टाकायचा ते ठण्ण, आणि दुसरा पाय ओढायचा तो सर्रर्र. ठण्ण… सर्रर्र. ठण्ण… सर्रर्र. "बाकीचे सगळे चोरावानी चालत्यात, आपा," अबुजर बहिणीला म्हणायचा. "ह्यो एकटा माझ्याशी बोलत चालतोय."

त्या गेमवर कॉमिक निघालं. समोरच्या झेरॉक्सवाल्याचा राजवीर, अबुजरचा दोस्त, पुण्याहून पहिला अंक घेऊन आला तो रस्ता ओलांडायच्या आधीपासून ओरडतच. कॉमिक इंग्रजीत होतं. मुबशिरानं बी.ए.ला इंग्रजी घेतलेलं, तेव्हा वाचायचं तिच्याकडं आलं. सोमवारी दुकानाला सुट्टी. अर्धं शटर ओढून, कापसाच्या ढिगाला टेकून, एकेक वाक्य मराठी करत ती वाचायला लागली.

चार पानांतच अबुजर कंटाळला. "आपा, हे नुसतं बोलतायत. मारतंय कोण?"

"मारायलेत की. पण ते चित्रात हाय."

"मग चित्र वाच."

चित्र वाचायचं कसं? मुबशिरा पानाकडं बघत राहिली. एका चौकटीत उचललेला हात, दुसरीत नुसता डोळा, तिसरीत उडालेला दात. मधल्या कोऱ्या पट्टीत हात तोंडापर्यंत पोचलेलाच होता, आणि तो कुणीच काढला नव्हता. आपणच मनात मारायचा तो ठोसा. तिला हे इतकं नवल वाटलं की ती पुन्हा पहिल्या चौकटीवर गेली.

त्यांचे नाना, आईचे वडील, कागलचे. मोहरमात रिवायत, म्हणजे करबलाच्या हौतात्म्याची गाणी, म्हणायचे. ताबुतापुढं हिंदू-मुसलमान सगळे गोल धरून उभे राहायचे, आणि नाना करबलाची लढाई अशी उभी करायचे की ऐकणाऱ्याच्या पायाखाली वाळू यायची. घोडा दिसायचा, तहान लागायची. मुबशिरा लहानपणी त्यांच्या शेजारी उभं राहून ते ऐकायची. त्यांच्या गळ्यातली चाल तिला आठवली, आणि डोरानची पहिली चौकट तिनं त्या चालीवर धरली:

पाऊल टाकी डोरान, धरणी देई हुंकार,
एक पाय लोखंडाचा, एक पाय निराधार.

"आयला!" राजवीर म्हणाला.

"पोरांची पुस्तकं ही," कोपऱ्यात काठीनं कापूस झोडणारे मीरासाब म्हणाले. "बी.ए. करून हेच वाचा आता." पण त्यांची काठी जरा हळू पडायला लागली होती.

मग दर अंकाला सोमवार ठरला. तिसऱ्या अंकात डोरानच्या पायाची गोष्ट आली. गेममध्ये ती कुणी सांगितलेलीच नव्हती. त्याच्या गावाची मोठी लोखंडी घंटा शत्रूनं फोडली होती, त्यात त्याचा पाय गेला, आणि गावच्या लोहारानं त्या फुटक्या घंटेच्या एका तुकड्यातून त्याला नवा पाय घडवला. मुबशिरानं हे सांगितलं तेव्हा अबुजर उठून उभाच राहिला.

"म्हंजे तो पाय टाकतोय तवा घंटा वाजती?"

"व्हय."

"इतकी वर्सं मी ती घंटाच ऐकत हुतो, आपा. आणि मला म्हाईतच न्हवतं!"

त्या दिवशी त्यानं दुकानातच दहा वेळा चालून दाखवलं. ठण्ण, सर्रर्र. गल्लीतली पोरं शटरखालून वाकून बघत होती.

सहावा अंक शेवटचा. तो मुबशिरानं सोमवारची वाट न बघता आदल्या दिवशी, शिलाईच्या मशिनवर बसून वाचला. वाचून झाल्यावर बराच वेळ तिनं पॅडलवर पाय ठेवला नाही.

डोरान मरत होता. गेममध्ये हरलेला माणूस बटण दाबलं की उठतो. इथं तो उठणार नव्हता.

सरळ सांगून टाकावं, तर अबुजरचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढं येई. न सांगावं, तर दुसरंच काहीतरी आठवे. अबुजर शाळकरी असताना एक मामा त्याला पन्हाळ्याला घेऊन गेला होता. वर गेल्यावर ह्यानं विचारलं, काय काय दिसतंय? मामाला सांगायचा कंटाळा. म्हणाला, काय न्हाय, नुसतं धुकं हाय. पुढं कधीतरी अबुजरला कळलं, त्या दिवशी ऊन लख्ख होतं आणि खाली सगळं खोरं पसरलेलं होतं. तेव्हा तो बहिणीला म्हणाला होता, "आपा, तू मला कधी धुकं सांगू नकोस." तिनं सांगितलं नव्हतं. आजवर एकदाही नाही.

सोमवारी सगळे जमले. राजवीर कापसाच्या गाठीवर, अबुजर मांडी घालून मधोमध, मीरासाब कोपऱ्यात, पाठ फिरवून. मुबशिरानं अंक उघडला. निम्मा नीट वाचला. मग तिचा आवाज तिच्या नकळत वाट सोडून चालू लागला. डोरान खिंडीत उभा राहिला, शत्रू आला, डोरानच्या एका लाथेत कडा हादरला, शत्रू पळाला. गावानं डोरानला खांद्यावर घेतलं. संपलं.

राजवीरनं हा अंक तिच्याही आधी वाचला होता. तो तिच्याकडं बघत होता, आणि ती त्याच्याकडं बघत नव्हती.

अबुजरनं मान तिरकी केली. "राजवीर."

"आं?"

"तू गप का?"

"कुठं गप हाय?"

"डोरान जिंकला आणि तू ओरडला न्हाईस. तुझ्या घरात चहा उतू गेला तरी हितं आवाज येतोय." मग त्यानं तोंड बहिणीकडं वळवलं. "धुकं सांगितलंस, आपा."

मुबशिराला वाटलं, दाभण उलटं घुसलं. "तुला वाईट वाटंल म्हणून…"

"वाटू दे की. माझं वाईट हाय ते. मला दे."

मीरासाबांची काठी थांबली. "सांग त्याला," ते पाठ न वळवता म्हणाले. "नाना काय करबलाचा शेवट बदलून सांगायचं?"

मुबशिरानं पदरानं नाक पुसलं आणि पानं मागं घेतली.

खिंडीत बर्फ पडत होतं. गावाला नवी घंटा ओतायची होती. ती वाजली तरच पलीकडच्या गावांना शत्रू आल्याचं कळणार होतं. पण जुन्या घंटेचा एक तुकडा कमी पडत होता. तो तुकडा कुठं आहे हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी तोंडातून काढत नव्हतं. डोरान खाली बसला. त्यानं पट्टे सोडले. लोखंडी पाय काढून लोहाराच्या हातात दिला, काठी घेतली, आणि घंटा ओतून होईस्तोवर शत्रूला अडवायला एका पायावर खिंडीकडं निघाला.

"पाय दिला?" अबुजर म्हणाला.

"दिला."

"मग आता तो चालतोय हे मला कळणार कसं?"

मुबशिरानं पान उलटलं. दोन्ही पानं मिळून एकच चित्र होतं, आणि ते जवळजवळ कोरं होतं. आधीच्या प्रत्येक पानावर धाड, खण्ण, सपाक अशी ठळक अक्षरं उड्या मारत होती. इथं एकही अक्षर नव्हतं.

"आवाज काय लिवलाय?"

"काय न्हाय, अबू. सगळं बर्फ हाय. पांढरं. आपल्या दुकानावानी."

"डोरान?"

"दिसत न्हाय. नुसती वाट दिसती त्याची."

"दाखव."

तिनं त्याचं बोट धरलं आणि डाव्या पानाच्या कडेला ठेवलं. गुळगुळीत कागद. त्यात त्याच्या बोटाला लागण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ती त्याचं बोट उचलून पुन्हा टेकवत गेली. हे पाऊल. हे काठीचं भोक. हे पाऊल. हे भोक. आधी पावलं लांब लांब होती, ढांगा टाकणाऱ्या माणसाची. मग जवळ आली. मधे एके जागी बर्फ विस्कटलं होतं, तिथं लढाई झाली असावी. पलीकडं शत्रूची पावलं माघारी वळलेली होती. त्यातूनही डोरानची वाट पुढं निघाली. पाऊल. भोक. मग नुसतं भोक. मग एक लांब घासटलेली रेघ. तिच्या टोकाशी मुबशिरानं बोट थांबवलं.

रस्त्यावरनं एक टेम्पो गेला. शटर थरथरलं आणि शांत झालं.

"मग?" मीरासाब आता वळून बसले होते. "फुडं? उलट की गं पान."

मुबशिरानं पानाचा कोपरा धरला, पण अबुजरनं त्यावर आपला तळवा पसरला.

"नको," तो म्हणाला. "अब्बा, गेममधी पडायला येळच गावत न्हाय. पडला की लगीच दुसरी घंटा, दुसरा डाव. शिकताना मी ह्याला हजारदा पाडलाय, हजारदा उठवलाय. कधी पडू दिलाच न्हाय." त्याचा तळवा त्या कोऱ्या जागेवरून हळूहळू फिरत होता, गादीवरून फिरतो तसा, पण गठळी शोधत नव्हता. "कुणीतरी बसून हे काढलं, आपा. एवढं मोठं गप. हातानं काढलं."

"व्हय."

"पेनानं?"

"असंल. पेनानं, न्हाईतर ब्रशानं."

तो चकित होऊन हसला. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यानं पुसलं नाही. मग तो पुढं वाकला आणि त्यानं आपला उजवा कान त्या पानावर टेकवला.

मुबशिरा हलली नाही. वरून कापसाचे तंतू उतरत होते, त्याच्या केसांवर, पानावर, तिच्या मनगटावर. मीरासाबांनी काठी हळूच, आवाज न करता, जमिनीवर ठेवली.

"काय ऐकायला येतंय?" राजवीरनं कुजबुजत विचारलं.

"तुझं नाक," अबुजर म्हणाला. "जरा दम धर."

आणि राजवीरनं खरोखरच श्वास रोखून धरला.