सतरा एकांची संख्या

मराठवाडा मुक्त झाल्याला १९७३ साली पंचवीस वर्षं होणार होती, म्हणून आमच्या कॉलेजनं फाटकाशी शिळा बसवायचं ठरवलं. मजकुरावरून मराठी आणि इतिहास विभागांचं जमेना. शेवटी गणिताचे केशवराव म्हणाले, सतरा सप्टेंबरचे सतरा एक ओळीनं कोरा. १११११११११११११११११.

"हिला भाग जात नाही. आकड्यांची बेरीज सतरा, म्हणून तिनानं नाही. एकांची गणती विषम, म्हणून अकरानं नाही. जी मूळ संख्या हिला भागू पाहील, तिला चौतिसानं भागलं की एकच उरला पाहिजे. तशा मूळ संख्या मी सहा वर्षं तपासतोय. अजून तरी एकीनंही भाग गेला नाही."

'अजून तरी' हे शब्द इतिवृत्तात आले नाहीत. आमच्याकडं येत नसतात. पाथरवट सांडूनं आकड्यांखाली कोरलं: 'ही मूळ संख्या आहे. प्रा. केशव देवगावकर.'

समारंभाच्या आठवड्यात केशवराव प्राचार्यांच्या खोलीत आले. प्राचार्य बद्रीनाथराव लासूर स्टेशनचे, मोकळे गृहस्थ.

"वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस," केशवराव म्हणाले.

"एवढं कुठून आणू, सर?"

"भाग गेला. हिशेबाच्या यंत्राचं हँडल फिरवून तीनदा भागलं, माझ्या मुलीनं, कालिंदीनं, कागदावर ताळा केला. बाकी शून्य."

"आता कोण भागाया बसतंय? साहेब येणार, नारळ फोडणार, जाणार."

"खाली माझं नाव आहे. खोट्याखाली."

प्राचार्यांनी जरा विचार केला. "एखादा एक वाढवू. जागा लई हाय."

"अठरा केले तर तिनानंच भाग जातो. एकोणीस एकांची मात्र खरंच मूळ आहे. परदेशात सिद्ध झालंय."

"मग दोन रेघा मारायला सांगतो सांडूला!"

"एकोणीस सप्टेंबरला काय झालं होतं?"

इतिहासाच्या मुकुंदरावांना बोलावणं गेलं. ते म्हणाले, शोधलं तर निघेल काहीतरी.

दोन रेघांत नाव वाचत होतं, आणि विधानही खरं होत होतं.

"नको," केशवराव म्हणाले. "एकोणिसांचं काम माझं नाही, दुसऱ्याचं आहे. खालची ओळ खोडून घ्या, नावासकट. तिथं फक्त दोन भाजक येऊ द्या. वीस लाखांचा हा, आणि दुसरा ५३६३२२२३५७."

"आन उद्या ह्या दोघांनाबी भाग गेला म्हंजे? मी परत दगड तासू?"

केशवराव उत्तर द्यायला गेले आणि थांबले. मग खुर्चीतून उठलेच.

"नाही जाणार! यांना भाग गेला, तर त्यातला एक तरी भाजक वीस लाखांहून लहान निघेल. तो सतरा एकांनाही भागलाच असता. आणि तिथपर्यंतचे सगळे मी तपासलेत. एकही सोडलेला नाही."

"म्हंजे ती सहा वर्षं..."

"दोन्ही मूळ आहेत, बद्रीनाथराव. लिहा तसं. दोन मूळ संख्यांचा गुणाकार."

"आन नाव?"

"राहू द्या."

प्राचार्यांनी सांडूला बोलावून मजकूर दिला. सांडूनं आकडे पाहिले आणि विचारलं, अक्षर बारीक चालंल का.