थांबलेली वळवळ

"थांबली! वळवळ थांबली!"

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. मंचावर उभ्या शिंप्याने आपला उजवा दंड पुन्हा पुन्हा पाहिला. वर्षभर कातडीखाली अळ्या फिराव्यात तसे वळवळणारे स्नायू आज गप्प होते.

"डॉक्टर म्हणाले, या आजाराला औषध नाही," स्पर्शमहाराज माइकमध्ये गरजले. "आम्ही म्हणालो, औषध नसेल, आमचं बोट आहे ना!"

शिंप्याचे डोळे भरून आले. त्याच आजाराच्या एक बाई पुढच्या रांगेत बसल्या होत्या. तो त्यांना म्हणाला, "ताई, दवाखान्याच्या गोळ्या मी सोडल्या. तुम्हीही सोडा."

घरी बायकोने शर्ट पुढे केला. त्याला बटण लावता येईना.

"अहो, हात बरा झालाय ना?"

"टेप आण. दंडाला लाव."

गेल्या वर्षी अकरा इंच भरलेला दंड आता जेमतेम नऊ.

आठवडाभर तो मनाची समजूत घालत राहिला. मग बायकोने त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलंच.

"नस मरताना स्नायू उगाच फडफडतो," त्या म्हणाल्या. "नस पुरती गेली, स्नायू सुकला, की फडफडायला काही उरत नाही. तुमचं तेच झालंय. नुसत्या वळवळीवर जाऊ नका. ती कमीजास्त होते. ताकद आणि श्वास तपासायला हवा. आणि गोळ्या पुन्हा सुरू करा; त्यांनी आजार बरा होत नाही, पण हळू सरकतो."

शिंप्याला एकदम आठवलं. महाराजांचा शिष्य दर रविवारी सगळ्यांच्या दंडाचं माप घ्यायचा. 'नाडीचा घेर' म्हणून वहीत लिहायचा.

पुढच्या रविवारी सभागृहात त्याने शिष्यासमोरची ती वही डाव्या हाताने उचलली. बायकोने मोठ्याने वाचलं, "शिंपी. दंड सुकला. वळवळ बंद. मंचावर घ्या." खाली महाराजांची सही.

"तुझीच श्रद्धा कमी पडली!" महाराज ओरडले.

"पुरेपूर होती, म्हणून तर फसलो. तुम्ही मला सुकताना मोजत होतात, महाराज!"

पुढच्या रांगेतल्या ताई शिंप्याला म्हणाल्या, "पंधरा दिवस मी गोळ्यांना हात लावला नाही. तुमच्या शब्दावर."

शिंप्याची मान खाली गेली. "चुकलो, ताई. आजच डॉक्टरांकडे जा. आपण बरे होणार नाही, हे त्यांनी तोंडावर तरी सांगितलं."

मग तो सभागृहाकडे वळला. "हात थांबला म्हणून टाळ्या वाजवू नका. त्या हातात पाण्याचा पेला द्या आणि उचलतो का ते बघा."