मागच्या रस्त्यावरचं घर

लिस्बनमध्ये देवांग आठवडाभर लहान पोरासारखा हिंडला. चढावरच्या गल्ल्या पालथ्या घातल्या, गॅलऱ्यांत वाळणाऱ्या कपड्यांचे फोटो काढले, आणि दर घरापाशी बायकोला, पद्मिनीला, तोच प्रश्न, “इथे कोण राहत असेल गं?”

अमेरिकेत, नोव्हायला घरी परतल्यावर मात्र स्वारी कोपऱ्यावरून दूध आणायलाही गाडीत बसू लागली. शनिवारी पद्मिनीनं किल्लीच लपवली.

“दुधाला चालत जाऊ, मागच्या रस्त्यानं. इतकी वर्षं राहतोय, तिकडे कधी पाऊल टाकलं नाही आपण.”

कुरकुरत निघालेला देवांग तळ्यापलीकडे थबकला. झाडांआड एका घराच्या मागच्या लाकडी डेकवर लाल सोलापुरी चादर उन्हात वाळत होती. त्यानं लगेच फोन काढला.

“यार, हे बघ. अगदी लिस्बन. आपल्यातलेच कोणीतरी दिसतायत. कोण राहत असेल गं?”

ती चादर सकाळी पद्मिनीनंच स्वतःच्या घराच्या डेकवर टाकली होती. तिनं हसू दाबलं. “बेल वाजवून बघू या?”

“पहिल्यांदाच जायचं, रिकाम्या हातानं कसं जाणार?”

“खरंय,” ती म्हणाली. “दूध घेऊन जाऊ.”