जंगलात चालतं

अभिजीतने, माझ्या दिराने, अमेरिकेहून तंबू आणला होता. कॉम्प्युटरच्या नोकरीवर जाऊन त्याला फार वर्षं झाली नव्हती, पण हैदराबादचं घर आता कोंदट वाटायचं. तिकडे म्हणे सगळी कुटुंबं सुट्टीत जंगलात राहायला जातात. म्हणून आम्हीही निघालो, श्रीशैलम रस्त्यावरच्या अभयारण्यात, भाड्याच्या सुमोतून: तो, त्याची बायको अश्विनी, माझा नवरा किशोर, सासूबाई आणि मी. सोबत स्टोव्ह, पातेली आणि ज्वारीचं पीठ, कारण सासूबाई बाहेरचं खात नाहीत.

मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू? लग्नानंतर बरकतपुऱ्यातल्या आमच्या घरातून मी सुलतान बाजारापलीकडे क्वचितच गेले होते. मला तळं बघायचं होतं, हरणं बघायची होती.

तंबू उभा राहिला आणि माझी पाळी आली.

आमच्या घरी पाळी म्हणजे मागची खोली, वेगळं ताट, कशाला शिवायचं नाही. संताप येतो, पण तेवढीच मला विश्रांती. त्याच उन्हाळ्यात बिदरला माझ्या सख्ख्या भावाचं लग्न होतं. आदल्या दिवशी अडचण आली आणि सासूबाईंनी मला पाठवलंच नाही. मी रडले, पण ऐकलं. नियम तो नियम, अशी मीच माझी समजूत घातली.

म्हटलं, चला, आता सतरंजी घेऊन तळ्याकाठी बसू. स्वयंपाकाचं अश्विनी बघेल. मी लांबूनच सासूबाईंना सांगितलं.

त्यांनी स्टोव्हकडे पाहिलं. मग अश्विनीकडे. ती पांढऱ्या पँटमध्ये उभी राहून कॅमेऱ्यात रोल भरत होती.

"जंगलात कसला आलाय विटाळ?" सासूबाई म्हणाल्या. "इथं चालतं. पिठलं टाक."

"मग बिदरला का नाही चाललं?"

"तिथं देवक बसवलेलं होतं. इथं कोण आहे?"

मी किशोरकडे पाहिलं.

"कायकू परेशान करतेस, सुजाता?" तो म्हणाला. "आई स्वतः हौ म्हणतेय ना? भूक लागलीय सगळ्यांना."

दोन दिवस मी रांधलं. वाऱ्याने स्टोव्ह विझायचा, ओटीपोटात कळा यायच्या. बाकीचे तळ्यावर जायचे, हरणं बघून यायचे आणि ताटावर बसायचे. "अशी चव तिकडे नाही, वहिनी," असं म्हणून अभिजीत आणखी भाकरी मागायचा. सासूबाई माझ्या हातचं पोटभर जेवल्या. तळं मी पाहिलं नाही.

तरी परतताना मला आतून बरं वाटत होतं. एकदा चाललं म्हणजे आता कायमचं चालणार. माझ्या हातचं त्यांच्या पोटात गेलं आणि काहीही बिघडलं नाही, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. आता मला कुणाच्या लग्नाला जायला कोण अडवणार होतं?

सुमो दारात थांबली. भांड्यांची पिशवी घेऊन मी पायरीवर पाय ठेवला.

"तिकडून नको," सासूबाई म्हणाल्या. "मागच्या दारानं जा. पिशवी खाली ठेव. घरात देव आहेत."

किशोर ऐकत होता. तो काहीतरी बोलेल म्हणून मी थांबले, वेड्यासारखी.

शेवटी पिशवी खाली ठेवली. त्यातल्याच पातेल्यातलं तो दोन दिवस बोटं चाटून जेवला होता. अंगणातल्या नळावरून त्याने तांब्याभर पाणी आणलं, पिशवीवर ओतलं आणि ती उचलून आत नेली.