कोऱ्या बांगड्या

"पडली. आडावर पाय घसरला," सरजाबाई म्हणाली.

तिची सून चांगुणा पदराआड मान खाली घालून बसली होती. सुमंगला सिस्टर चांगुणाचा हात पाहत होती. मनगटावर काचेच्या ताज्या जखमा, आणि त्यांच्यावर हिरव्या बांगड्या, कोऱ्या, एकसारख्या. सवाष्णीचे हात मोकळे ठेवत नाहीत. म्हणून आधी सेलूच्या बाजारात कासाराकडे, मग दवाखान्यात. हे सुमंगलाला कुणी शिकवायला नको होतं.

बाकीचं कालच परभणीत शिकवलं होतं. विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळे लांबत गेलेलं प्रशिक्षण एकदाचं झालं. पुण्याहून आलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, सोबतच्या माणसाला विचारू नका, बाईला एकटीला घ्या. तू काय केलंस असं विचारू नका. कुणी मारलं, असं विचारा. सुमंगला मागच्या बाकावर, हात पदरात घेऊन ऐकत होती.

"मावशी, तुमी बाहेर बसा. पट्टी करते."

"माझ्यापासून काय चोरी हाय?"

"चोरी न्हाई. रक्त बघून तुमाला भोवळ आली तर निजवू कुठं? खाट एकच हाय."

सरजाबाई उठली. "परभणीला जाऊन लय शहाणी झाली ही बाई."

सुमंगलाने दार लोटून घेतलं.

"चांगुणा, कुणी मारलं?"

"पडले."

"बरं." तिने चिमट्याने जखमेतली काच काढली. "तुझी चूक न्हाई, एवढं ऐकून ठेव."

चांगुणाने पहिल्यांदाच मान वर केली. मग तिची नजर चिमटा धरलेल्या हातावर उतरली.

"सिस्टर, तुमच्या बी कोऱ्याच हायत."

सुमंगलाचा हात थांबला. शेजारणींना, माहेरच्यांना, दवाखान्यात द्यायचं उत्तर तिच्याकडे कायम तयार असे. आताही ते ओठांवर आलं. पण ते दिलं, की ही पोर पुन्हा 'पडले' म्हणेल आणि सासूमागे मुकाट घरी जाईल.

"हो," ती म्हणाली. "परवाच भरल्या. माझी बी चूक नव्हती."

बाहेरून दार वाजलं. "झालं का न्हाई?"

"करायलेय, मावशी." सुमंगलाने आतून कडी घातली आणि खाटेवर येऊन बसली.

चांगुणा बोलू लागली. आधी अडखळत, मग सलग. दोघींचे हात खाटेवर जवळजवळ होते. बांगड्या वाजू नयेत म्हणून दोघींनीही ते हलवले नाहीत.